मारिओचे पुणेरी पाठभेद

पुण्यात १९९० च्या दशकात वाढलेल्या आणि आता चाळिशी ओलांडलेल्या मंडळींकडून गेल्या काही वर्षांत मी एकच तक्रार अनेकदा ऐकली आहे. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्याच्या फुटपाथवर चारशे खेळ भरलेले, तळहातात मावणारे एक यंत्र मिळते. त्याच्या खोक्यावर इंग्रजीत ‘एसयूपी’ अशी तीन अक्षरे असतात. आमच्याकडचे विक्रेते त्याला सरळ ‘सूप’ म्हणतात. मुलासाठी म्हणून ते विकत घ्यायचे, घरी आल्यावर मुलाच्या आधी आपणच त्यावर मारिओ लावायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्यात पडायचे. मग थोडे हसून म्हणायचे, ‘वय झालं, आता हात चालत नाही.’

मला हे वाक्य खटकू लागले ते एका परिचिताकडून ऐकल्यावर. हा गृहस्थ सकाळी सिंहगड चढून येतो, टेबल टेनिस खेळतो, आणि मारिओपुढे मात्र हात टेकतो. माझे अर्धे आयुष्य दूरचित्रवाणी संचांच्या दुरुस्तीत गेले. त्यामुळे माणसाच्या आधी यंत्राचा संशय घेण्याची मला सवय आहे. गेली चार वर्षे मी या प्रश्नामागे लागलो आहे. माझे म्हणणे असे की यात वयाचा वाटा असेल तर तो थोडा आहे. खेळ बदलला आहे, आणि तो किती बदलला हे मोजता येते.

आधी मूळ संहितेविषयी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंडो यांचे. यंत्र होते निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’, जे १९८३ पासून बाजारात होते. हा नायक त्याआधी १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये दिसला होता. तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढणे अवघड म्हणून त्याला टोपी दिली आणि नाक वेगळे दिसावे म्हणून मिशी. साधनांच्या टंचाईतून रूप घडले. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्या करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असा बत्तीस टप्प्यांचा हा सगळा संसार ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. ३२ किलोबाइट सूचना आणि ८ किलोबाइट चित्रे. आज फोनवर येणारे ‘शुभ सकाळ’चे एक चित्र याहून मोठे असते. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकाच चित्रातून काढले आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवे, एवढाच फरक. हे मी दाखवले की वीस-वीस वर्षे खेळलेले लोकही चकित होतात.

हा खेळ पुण्यात कसा पोचला, याची कागदोपत्री नोंद फारशी नाही, पण त्याची वाट ओळखीची आहे. निन्टेंडोच्या परवान्याने ‘समुराई’ या नावाचा एक संच भारतात विकला गेला. घराघरांत मात्र पसरले ते त्याचे नकली भाऊबंद. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ ही नावे त्या पिढीला आजही पाठ आहेत. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांशी जुळणाऱ्या चिपा तयार केल्या होत्या आणि अशा चिपांवर अनेक देशांत निनावी यंत्रे उभी राहिली. आपल्याकडे उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने अखेरची उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. तोवर अशा वस्तू येत त्या आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून, मुंबईच्या बाजारातून, आणि मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. तिथे सुटे भाग घ्यायला मी रोज जात असे. एका बाजूला कॅसेट प्लेअरचे हेड, दुसऱ्या बाजूला पिवळ्या, निळ्या, काळ्या रंगांच्या खेळांच्या ‘कॅसेट’. खरे तर ती कॅसेट नव्हेच. आत फीत नाही, साठ पिनांचे एक छोटे सर्किट आहे. पण प्लॅस्टिकच्या डबीत भरलेले काहीही मनोरंजन म्हणजे कॅसेट, असा तो काळ होता आणि शब्द रुजला. खेळ चालला नाही की ती काढून तोंडाने फुंकर मारायची, हा विधी पेठांपासून कोथरूडपर्यंत सारखाच होता. फुंकरीतला ओलावा त्या पिनांना खरे तर घातक. खेळ सुरू होई तो कॅसेट पुन्हा नीट बसवल्यामुळे; श्रेय फुंकर घेऊन जाई.

आता मुख्य मुद्दा. जपान आणि अमेरिकेतला दूरचित्रवाणी संच सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवी. आपल्याकडची पद्धत पाल, तिच्यात ५० वेळा. हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरलेला नव्हता. दूरचित्रवाणीची मानके ठरली तेव्हा चित्राचा वेग वीजप्रवाहाच्या वारंवारतेशी जुळवून घेतला गेला, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकताना दिसत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपला पडदाही ५० चा.

फॅमिकॉमवरचा मारिओ घड्याळाच्या सेकंदाने चालत नाही, तो चित्रांच्या संख्येने चालतो. प्रत्येक चित्रामागे खेळ एक पाऊल पुढे जातो. पडद्यावर वर उजवीकडे ‘टाइम’ म्हणून जे आकडे उतरत असतात, त्यांतला एक आकडा दर २४ चित्रांमागे कमी होतो. सेकंदाला ६० चित्रे असतील तर ४०० पासून १०० पर्यंत यायला बरोबर १२० सेकंद लागतात. ५० असतील तर १४४. आणि १०० ला आले की संगीत थांबून एक छोटी धून वाजते आणि मग चाल घाईची होते. म्हणजे मोजणाऱ्याची सोयच आहे.

मी हे मोजले. पहिल्या टप्प्यात मारिओला जागचे हलवायचेच नाही. तो जोवर पुढे जात नाही तोवर शत्रूही येत नाही. घड्याळ ४०० वर असताना स्टॉपवॉच सुरू करायचे, धून वाजली की बंद. जुन्या बाजारातून घेतलेल्या एका नकली संचाला मी १४ इंची काचेच्या नळीचा टीव्ही जोडला. दहा वेळा मोजले. दर वेळी दोन मिनिटे चोवीस सेकंद, इकडे-तिकडे अर्धा सेकंद. फुटपाथवरच्या ‘सूप’ यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर तेच केले. दोन मिनिटे.

म्हणजे आमच्या पोरांनी जो मारिओ खेळला तो मूळ मारिओच्या पाच-षष्ठांश वेगाने चालत होता. आज हातातल्या यंत्रात जो मिळतो तो त्या आठवणीतल्या मारिओपेक्षा वीस टक्के वेगवान आहे. युरोपातही वीज ५० हर्ट्झचीच, पण तिथे निन्टेंडोने या खेळाची वेगळी आवृत्ती काढून वेगाची बरीच भरपाई केली होती. आपल्या कॅसेटमध्ये ती नव्हती. आपल्याकडची नक्कल होती ती साठ चित्रांसाठी लिहिलेल्या संहितेची, आणि ती वाचणारे यंत्र होते पन्नासचे.

संगीताची गंमत याहून वेगळी. सूर ठरतो चिपच्या स्पंदनांवर, आणि नकली यंत्रांत तो वेग मूळच्या अगदी जवळ ठेवलेला होता. फरक शेकडा एकच्या आसपास. लय मात्र चित्रांच्या संख्येवर. त्यामुळे पट्टी जवळपास तीच आणि लय उतरलेली, असा कोंडोंचा मारिओ पुण्याने ऐकला. माझ्या ओळखीच्या एका तबलजींना मी दोन्ही आवृत्त्या ऐकवल्या. ते म्हणाले, ‘आमच्या घरी वाजायचं ते हे नाही, हे धावतंय.’ त्यांना हर्ट्झ वगैरे काही सांगितलेले नव्हते.

आणखी एक खूण. मूळ यंत्राचे चित्र २४० ओळींचे. पालच्या पडद्यावर ओळी जास्त, म्हणून वर आणि खाली काळ्या पट्ट्या राहत आणि मधले चित्र थोडे बसके दिसे. मारिओ बुटका आणि रुंद आहे ही जी आपली समजूत, तिच्यात या बसकेपणाचाही वाटा आहे.

वेगाचा हिशेब झाला; आता पडद्याचा. हातातल्या खेळांची कल्पना निन्टेंडोच्या गुन्पेई योकोई यांची. रेल्वेच्या डब्यात एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ निघाले, असे सांगतात. १९८९ चा ‘गेम बॉय’ त्यांच्याच विभागाचा. चार पेन्सिल सेल, करड्या-हिरवट चार छटा, १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा. १९९८ मध्ये रंगीत गेम बॉय आला, त्याला दोन सेल पुरत. पडद्याचा आकार तोच राहिला आणि मागून उजेडही नव्हता. खिडकीपाशी किंवा दिव्याखाली बसून खेळावे लागे. याच यंत्रासाठी मे १९९९ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’ निघाला. मला त्याची प्रत न्यू जर्सीला राहणाऱ्या भाच्याने दिली. त्याच्या मुलांनी ती टाकून द्यायला काढली होती.

हा डिलक्स मला फार मोलाचा वाटतो, कारण मूळ खेळ तसाच्या तसा लहान खिडकीतून दाखवायचा, असा विचित्र निर्णय त्याच्या कर्त्यांनी घेतला. मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४. गुणाकार केला तर मूळच्या क्षेत्रफळाच्या साडेसदतीस टक्केच दिसते. चित्र लहान करून बसवता आले असते, पण मग मारिओ मुंगीएवढा झाला असता. त्यांनी मारिओ मूळ आकाराचाच ठेवला आणि खिडकी लहान केली. खेळातली एक वीट १६ ठिपक्यांची. जुन्या पडद्यावर आडव्या सोळा विटा दिसत, इथे दहा. जुन्या खेळात पडदा वर-खाली सरकतच नाही; इथे तो मारिओबरोबर सरकतो. उंच उडी मारली की खालची जमीन नजरेआड जाते. म्हणून त्यांनी एक सोय दिली: वरचे किंवा खालचे बटण दाबून धरले की दृश्य थोडे वर-खाली सरकते. उडी मारण्याआधी वाकून विहिरीत पाहावे तसे. हे जो करत नाही तो पडतो.

डिलक्समध्ये भर बरीच आहे. मधेच थांबून खेळ साठवता येतो. लाल नाणी शोधण्याचा वेगळा डाव आहे. भुताशी शर्यत आहे. तीन लाख गुण झाले की जपानमध्ये निघालेला अवघड दुसरा भाग उघडतो. पंचांगासारखी दिनदर्शिका आहे, भविष्यही सांगतात. हे सगळे गोड आहे, पण माझ्या मते अवांतर. खरी गोष्ट ती लहान खिडकी.

वेग आणि खिडकी एकत्र ठेवून पाहू. मारिओ पूर्ण वेगाने धावतो तेव्हा एका चित्रात अडीच ठिपके पुढे जातो. पुण्यातल्या ५० हर्ट्झच्या पडद्यावर हे झाले सेकंदाला १२५ ठिपके. मारिओ पडद्याच्या मध्यावर असतो असे धरले तर पुढे आठ विटा दिसतात, म्हणजे १२८ ठिपके. याचा अर्थ, समोरून येणारे संकट दिसल्यापासून त्याच्यावर पोचेपर्यंत मुलाला साधारण एक सेकंद मिळे. जपानमधल्या मुलाला त्याच पडद्यावर पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. रंगीत गेम बॉय सेकंदाला जवळपास ६० चित्रेच दाखवतो, मग तो पुण्यात असो की टोकियोत. त्याचा पडदा त्याच्याच पोटात असल्याने टीव्हीच्या पद्धतीशी त्याला कर्तव्य नाही. तिथे पुढे पाच विटा, म्हणजे ८० ठिपके, आणि वेग १५०. हिशेब येतो सुमारे अर्धा सेकंद. दिसलेल्या गोष्टीवर बटण दाबायला माणसाला पाव सेकंद तरी लागतोच. उरलेल्या पाव सेकंदात काय ते ठरवायचे.

एक सेकंद आणि अर्धा सेकंद. माझ्या सिंहगडवाल्या परिचिताला मी हे कागदावर मांडून दाखवले आणि मग जुन्या संचावर बसवले. तो चौथ्या जगापर्यंत गेला. छुपे बोगदे कुठे आहेत हे त्याच्या अंगठ्याला आठवत होते, त्याला नव्हते.

२००४ मध्ये ‘गेम बॉय अॅडव्हान्स’साठी हाच खेळ पुन्हा निघाला. तेव्हा खिडकी लहान करण्याऐवजी चित्रच उभ्या दिशेने दाबून बसवले, कारण त्या पडद्याला १६० ओळी होत्या. आणि मारिओच्या पस्तिशीनिमित्त नोव्हेंबर २०२० मध्ये ‘गेम अँड वॉच’च्या जुन्या रूपात तो परत आला, २.३६ इंची पडद्यावर, घड्याळासकट. खिडकी लहान, चित्र दाबलेले, चित्र पूर्ण पण टिचभर, असे हातातल्या मारिओचे तीन प्रकार झाले. फुटपाथवरचा ‘सूप’ चौथा. त्याचा पडदा तीन इंची, बॅटरी जुन्या नोकिया फोनच्या जातीची, आणि आत फॅमिकॉमचेच काम करणारी एक चिप, म्हणजे तपकीर गल्लीतल्या यंत्रांची थेट वंशज.

या सगळ्याला पाठभेद म्हणताना मला संकोच वाटत नाही, कारण मी राहतो त्या शहरात पाठभेदांची थोर परंपरा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. वि. स. सुखठणकरांनी जी शिस्त घालून दिली तिच्यातली एक गोष्ट मला, एका शाळेबाहेरच्या माणसाला, नेहमी भावते. नंतर घुसलेला मजकूर त्यांनी संहितेतून काढला, पण फेकला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जपून ठेवला. कारण कुठल्यातरी प्रांतात, कुठल्यातरी काळात लोकांनी तोच महाभारत म्हणून ऐकला होता.

आमच्या कॅसेटींत तर प्रक्षेपांचा सुकाळ. ‘९९९९ इन १’ असे झाकणावर छापलेले असे आणि आत खरे खेळ मूठभर निघत. उरलेले तेच खेळ वेगळ्या नावाने, किंवा मारिओच मधल्या एखाद्या जगापासून सुरू होणारा. पहिल्या पडद्यावरून निन्टेंडोचे नाव खरवडलेले असे, कधी सालाची ओळ गायब. हस्तलिखितात लेखकाने आपल्या पदरची पुष्पिका लिहावी तसा हा प्रकार, फक्त उलटा: इथे लेखनिक कर्त्याचेच नाव पुसतो. कंपनीच्या दृष्टीने ही चोरी होती आणि कायद्यानेही ती चोरीच. तिचे समर्थन मी करणार नाही. पण ज्यांच्या घरात अस्सल यंत्र येणे शक्यच नव्हते, त्यांचा मारिओ तो हाच. त्याचा वेग, त्याचे बसके चित्र, त्याची उतरलेली लय ही कुठल्याच अधिकृत आवृत्तीत मिळणार नाही. निन्टेंडो आज हा खेळ पुन्हा पुन्हा विकते तो साठ चित्रांचा. पुण्याचा पन्नास चित्रांचा पाठ कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तो जपण्याची जबाबदारीही कुणावर येत नाही.

आणि तो झपाट्याने नाहीसा होतो आहे. नुसते यंत्र असून भागत नाही, तसा टीव्ही लागतो. सपाट पडद्याचे नवे टीव्ही हा संदेश घेतात तर घेतात, नाहीतर ‘सिग्नल नाही’ म्हणून निळे होतात. घेतला तरी चित्र उमटायला किंचित उशीर करतात आणि तेवढ्या उशिरात मारिओ खड्ड्यात जातो. काचेच्या नळ्या भंगारात तांब्यासाठी फोडल्या जातात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी पहिल्या वर्षी अकरा संच पाहिले होते. गेल्या वर्षी दोन दिसले, त्यांतल्या एकाच्या आत उंदराने घर केले होते. एका संग्रहालयात मी विचारून पाहिले. तिथल्या बाईंनी आस्थेने ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘पण काका, ही शंभर वर्षं जुनी नाही ना.’ त्यांचे नियमाने बरोबरच आहे. शंभर वर्षे होईपर्यंत ती यंत्रे कुठे ठेवायची, एवढाच माझा प्रश्न होता.

तूर्त ती माझ्या घरच्या माळ्यावर आहेत. एक वही केली आहे. प्रत्येक कॅसेटला क्रमांक, झाकणाचा रंग, वर छापलेला आकडा, आत निघालेले खरे खेळ, मारिओ कुठल्या नावाने आहे, पहिल्या पडद्यावर कोणत्या ओळी शिल्लक आहेत, आणि ४०० पासून १०० पर्यंतचा वेळ. आजवर एकतीस नोंदी झाल्या. बावीस क्रमांकाच्या कॅसेटमध्ये मारिओ थेट पाण्याखालच्या टप्प्यात सुरू होतो. ती देणारा माणूस नारायण पेठेतला. मारिओ मुळात जमिनीवरचा खेळ आहे हे त्याला कॉलेजात गेल्यावर कळले.